मिठाची आकारणी

पेडणे महालातील आगरवाड्याचे, करड्या छटेचे आणि बोटांना ओल लावणारे मीठ म्हापशात माझ्या तराजूवर येते, तेव्हा चंचुपात्रात पाण्याचा थेंब पडण्यापूर्वी वहीत हिशेब मांडला जावा, असा विद्यार्थ्यांना माझा दंडक असतो. कारण किती अवक्षेप मिळणे प्राप्त आहे, हे ज्याने आधी ठरवले नाही, त्याला मागाहून मिळालेले वजन पुरे की अपुरे, हे कशाच्या आधारे सांगता येणार?

सोडियम क्लोराइडचे ५८.४४ ग्रॅम सिल्व्हर क्लोराइडचे १४३.३२ ग्रॅम देतात. म्हणजे मीठ निर्भेळ असल्यास ०.२०० ग्रॅमवर ०.४९० ग्रॅमची आकारणी झाली. त्यासाठी सिल्व्हर नायट्रेट मात्र ०.५८१ ग्रॅम लागते, आणि चांदी महाग म्हणून हात आखडून कोणी अर्धाच ग्रॅम घातले, तर पात्रात मीठ शिल्लक असूनही अवक्षेप ०.४२२ ग्रॅमपुढे जात नाही. जो पदार्थ आधी सरतो, अंमल त्याचाच.

वसुलीचे काम हाताचे. द्रावण नायट्रिक आम्लाने किंचित आम्लधर्मी करावे, उजेडापासून जपावे, कारण प्रकाशात अवक्षेप जांभळा पडून विघटित होऊ लागतो. आणि धुण्याच्या पाण्यातही त्याच आम्लाचे थोडे थेंब असावेत, नाहीतर जमलेल्या गुठळ्या पुन्हा सूक्ष्म होऊन गाळणीतून निसटतात. अणुभारांच्या अचूक मापनासाठी १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या थिओडोर रिचर्ड्सने गाळलेल्या पाण्यात उरलेली धूसरतादेखील मोजण्याची तजवीज केली होती. एवढी थकबाकी आमच्या तराजूला दिसत नाही, हे मान्य. पण मूस निवण्याआधीच वजन उरकण्याची विद्यार्थ्यांची घाई मला खपत नाही, विशेषतः कोकणच्या पावसाळी हवेत.

आगरी मिठाचा खरा पेच याच्याही पुढे आहे. त्याला ओलसर ठेवणाऱ्या मॅग्नेशियम क्लोराइडमध्येही क्लोराइड आहेच, आणि चांदी ते कोणाचे म्हणून विचारीत नाही: निर्जल मॅग्नेशियम क्लोराइडचा एक ग्रॅम ३.०१ ग्रॅम अवक्षेप देतो, शुद्ध मिठाचा २.४५ ग्रॅमच, त्यामुळे ओलाव्याने आलेली तूट काही अंशी ही अशुद्धीच भरून काढते आणि आकडा आहे त्याहून सोज्वळ दिसतो. अवक्षेपाच्या वजनावरून क्लोराइड किती, हे निःशंक सांगावे. मॅग्नेशियम स्वतंत्रपणे मोजल्यावाचून मिठाच्या शुद्धतेचा दाखला मात्र कोणी देऊ नये.