हिरवं बटण

गेल्या नोव्हेंबरात माझ्या मोटरसायकलखाली एक माणूस येता येता राहिला.

कॉव्हेन्ट्रीत नोव्हेंबर म्हणजे साडेचारलाच अंधार. ऑफिस सुटल्यावर मी बर्क्सवेलच्या बाजूने घरी येत होते. रस्ता अरुंद, दोन्हीकडे उंच झुडपांची कुंपणं, रस्त्यावर दिवे नाहीत. गाडी १९६९ ची ट्रायम्फ बोनव्हिल, ६५० सीसी. समोर पांढरं काहीतरी हललं म्हणून मी ब्रेक दाबला. ती कुत्र्याची शेपटी होती. शेपटीमागे कुत्रा आणि कुत्र्यामागे काळा कोट घातलेला त्याचा मालक. आमच्यात हातभर अंतर उरलं होतं.

तो चिडला नाही. वाकून माझ्या हेडलाइटकडे बघत त्याने विचारलं, "हा लागलेला आहे का?"

लागलेला होता. तेच तर दुखणं होतं.

ही गाडी मी शेजारच्या आजोबांकडून घेतली. ते मेरिडनच्या ट्रायम्फ कारखान्यात जुळणीच्या कामावर होते. १९४० च्या नोव्हेंबरात बॉम्बहल्ल्यात कॉव्हेन्ट्रीतला जुना कारखाना गेला, म्हणून शहराबाहेर मेरिडनला नवा उभा राहिला. १९७३ मध्ये तो बंद करायचं ठरलं, तेव्हा कामगारांनी आतच ठाण मांडलं आणि पुढे सहकारी तत्त्वावर तो स्वतः चालवला. १९८३ मध्ये तो कायमचा बंद झाला. आज तिथे घरं आहेत आणि एका गल्लीचं नाव बोनव्हिल क्लोज आहे. आजोबांच्या हातचं जे उरलं, ते अशा गाड्यांमध्येच. गुडघे गेल्यावर त्यांनी गाडी मला दिली, पण एका अटीवर: "मूळ वायरिंगची एकही वायर कापायची नाही."

मी हो म्हणाले होते. हेडलाइट चांगला असता तर ते जडही गेलं नसतं.

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या विजेवर इथे भरपूर विनोद आहेत. बहुतेक गाड्यांना सामान लुकासचं, म्हणून लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. त्या रात्री मीही तेच म्हणत घरी आले. चहा टाकला आणि अण्णांना व्हिडिओ कॉल लावला.

अण्णा सांगली जिल्ह्यात असतात. चाळीस वर्षं त्यांनी मोटारी रिवाइंड केल्या. आता दुकान चुलतभाऊ बघतो आणि अण्णा दोन एकर ऊस. इकडचे साडेपाच म्हणजे तिकडचे रात्रीचे अकरा. तरी ते जागेच होते, स्वेटर आणि कानटोपी घालून.

"जास्त वॅटचा बल्ब टाकते," मी म्हणाले.

"डायनामो किती वॅटचा?"

"अल्टरनेटर आहे. इंजिन पळत असताना १२० च्या आसपास."

"मग त्यातनं इग्निशन जाणार, बॅटरी चार्ज होणार, मागचा दिवा लागणार. शंभरचा बल्ब कशावर पेटवणार? माझ्या डोक्यावर? आधी मीटर लाव की."

मीटर लावला. दिवा चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर बघितलं: १२.४ व्होल्ट. मग बल्बच्या पाठीमागे: १०.२. वाटेत दोन व्होल्टहून जास्त गायब. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्याने पडतो. १२.४ चे १०.२ झाले की उजेड जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे मी निम्म्या दिव्यावर गाडी चालवत होते.

"आता चोर शोध," अण्णा म्हणाले. "एक पिन जोडाच्या अलीकडे, एक पलीकडे. जिथं आकडा येईल तिथं चोर."

चोर एक नव्हता. हेडलॅम्पवरच्या खटक्यात थोडे, हँडलवरच्या डिपरमध्ये थोडे, वायरींच्या बुलेट जोडांत थोडे. उरलेले अर्थमध्ये, कारण परतीचा करंट हँडलखालच्या बेअरिंगमधून, ग्रीस आणि गंजातून वाट काढत फ्रेमपर्यंत जात होता. पन्नासहून जास्त वर्षांच्या जुन्या जोडांनी घेतलेला हा टोल होता. राजपुत्राला उगाच शिव्या घातल्या.

४५ वॅटचा बल्ब पावणेचार अँपियरच्या आसपास ओढतो. तेवढा सगळा करंट त्या म्हाताऱ्या खटक्यातून आणि डिपरमधून जात होता.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "विहिरीवरचा स्टार्टर आठवतोय का?"

कसा नाही आठवणार? पत्र्याची पेटी, त्यावर हिरवं आणि लाल बटण. लहानपणी मला वाटायचं, मोटार त्या हिरव्या बटणातूनच चालते. एकदा अण्णांनी पेटी उघडून दाखवली होती. बटण फक्त कॉइलला वीज देतं. कॉइल लोहचुंबक होते आणि जाड कॉन्टॅक्ट खाली ओढते. पाच एचपीचा करंट जातो त्या जाड कॉन्टॅक्टमधून. बोटाखालच्या बटणाला त्याची झळ लागत नाही.

"तसलाच बारका स्टार्टर गाडीला लाव," अण्णा म्हणाले.

त्या बारक्या स्टार्टरला रिले म्हणतात. बर्फीच्या वडीएवढी डबी, खाली चार पाय, त्यांवर आकडे: ३०, ८५, ८६, ८७. पैकी ८५ आणि ८६ कॉइलचे. तिला साधारण ०.१५ अँपियर पुरतात. तेवढं मिळालं की ३० आणि ८७ आत जुळतात आणि खरा करंट तिथून जातो. जुना खटका आणि डिपर जागेवरच राहतात, फक्त त्यांनी आता पावणेचार अँपियर वाहायचे नसतात, नुसता इशारा करायचा.

दुसऱ्या दिवशी मी आजोबांना हे सांगायला गेले.

"नाही," ते म्हणाले. "आम्ही गाडी बाहेर पाठवली तेव्हा दिवा चांगला होता. तेव्हा रिले नव्हता."

"तेव्हा जोड नवे होते."

"मग जोड नवे कर."

त्यांचं चूक नव्हतं. जोड घासून थोडा फरक पडलाही असता. पण खटक्याच्या आतली झीज घासून भरून येत नाही, आणि नवा खटका बसवणं म्हणजे त्यांच्या गाडीतली आणखी एक मूळ वस्तू जाणं. ते मला आणि मी त्यांना पटवत राहिलो. शेवटी मी कुत्र्याच्या शेपटीची गोष्ट सांगितली. आजोबांनी चष्मा काढून पुसला. "एकही वायर कापायची नाही," ते पुन्हा म्हणाले. पण या वेळी तो नकार नव्हता.

एकही वायर कापली नाही. हेडलॅम्पच्या मागे बल्बकडे जाणाऱ्या दोन वायरी आहेत: अप्परची निळी-पांढरी, डिपरची निळी-लाल. त्यांचे बुलेट जोड नुसते ओढून काढले आणि दोन रिलेंच्या कॉइलना जोडले. रिले टाकीखाली बसवले. बॅटरीपासून १५ अँपियरच्या फ्यूजमधून नवी जाड वायर ३० ला, ८७ वरून बल्बला. आणि बल्बपासून थेट बॅटरीपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर. इथे एक खोच आहे. आपल्याकडच्या गाड्यांत बॅटरीचं निगेटिव्ह टोक फ्रेमला असतं, या गाडीत पॉझिटिव्ह. साध्या रिलेच्या कॉइलला त्याने फरक पडत नाही. पण ज्याच्या आत डायोड असतो तो उलटा जोडला तर जळतो. म्हणून मी बिनडायोडचे घेतले. उद्या कोणाला गाडी मूळ रूपात हवी असेल, तर जोड परत लावायचे की झालं.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी आजोबांना गॅरेजमध्ये बोलावलं. त्यांनीच खटका दाबला. त्यांची नजर समोर गेली नाही, हेडलॅम्पवरच्या अ‍ॅमीटरवर गेली. इंजिन बंद असताना दिवा लावला की सुई डावीकडे पडते, हे त्यांना तरुणपणापासून माहीत. सुई जवळजवळ हललीच नाही.

"लागला नाही," ते म्हणाले.

नवा करंट बॅटरीतून थेट जात होता, अ‍ॅमीटरला वळसा घालून. मी त्यांना समोरची भिंत दाखवली. तिच्या विटा मोजता येत होत्या. बल्बवर मीटर लावला: १२.१.

आजोबा बराच वेळ भिंतीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी डिपर वर-खाली केला, चारपाच वेळा, अंगठ्याने. "स्विच तोच आहे," ते म्हणाले.

"तोच आहे."

त्या रात्री अण्णांना कळवायला फोन केला. पुन्हा स्वेटर, पुन्हा कानटोपी. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेल्या वेळी मी विचारलंच नव्हतं: रात्री अकराला हे असे का बसलेत?

शेतीची तीन फेज लाइट आमच्याकडे काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. अण्णा लाइटची वाट बघत जागे होते. आली की बॅटरी घेऊन उसातून विहिरीपर्यंत जायचं आणि हिरवं बटण दाबायचं. लाइट गेली की कॉइल सुटते. पुन्हा आली की पुन्हा जायचं. उसात साप असतात, आता बिबट्याही दिसतो. तीन वर्षं मी म्हणत होते, मोबाइल स्टार्टर बसवा, घरातून मिसकॉल दिला की मोटार लागते. आणि तीन वर्षं अण्णा म्हणत होते, "माझ्या स्टार्टरला हात लावायचा नाही."

इतके दिवस मी त्यांना हट्टी म्हणायचे. आजोबांसमोर बसून मी जेवढं समजावलं, तेवढं अण्णांना कधी समजावलंच नव्हतं. पैसे पाठवते, बसवून घ्या, एवढंच म्हणाले होते.

"अण्णा, मोबाइलची ती पेटी तुमच्या हिरव्या बटणाला समांतर लागते ना?"

"व्हय."

"म्हणजे स्टार्टर तुमचाच राहणार. बटणही राहणार. पेटी नुसता इशारा करणार."

ते गप्प.

"एकही वायर कापायची नाही," मी म्हणाले.

अण्णा हसले. "म्हाताऱ्याची अट मला लावतीस व्हय गं?"

जानेवारीत चुलतभावाने पेटी बसवली. पहिल्या रात्री अण्णांनी अंथरुणातून मिसकॉल दिला आणि मोटार लागली. सकाळी त्यांचा फोन आला.

"विहिरीवर जाऊन आलो," ते म्हणाले.

"कशाला?"

"हिरवं बटण दाबून बघितलं. चालतंय."