तुंगारची वाट

आमच्या वाडीतल्या विहिरीच्या थारोळ्यावर उभे राहिले, की केळींच्या शेंड्यांवरून पूर्वेला तुंगारचा डोंगर दिसतो. वाडवडिलांनी तो आयुष्यभर पाहिला, पण पावसाचा अंदाज घेण्यापुरताच. वळवाच्या दिवसांत तुंगारच्या माथ्यावर ढग बसला, की वाळत घातलेली सुकेळी आत घ्यायची, एवढाच त्याचा नि आमचा व्यवहार. आम्ही माणसे समुद्राच्या बाजूची. डोंगर रुळांच्या पलीकडे, महामार्गाच्याही पलीकडे. तिथे जाऊन धावायचे, आणि तेही पन्नाशी गाठल्यावर, ही कल्पना आमच्या घरांत कोणाला रुचली नाही, यात नवल ते काय!

आम्ही चौघे एकाच धर्मग्रामातले. एक बँकेतले, एक रेल्वेतून निवृत्त झालेले, एक अजूनही वाडी कसणारे, आणि चौथे आमचे मास्तर. मास्तरांनी शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. वयाने ते आम्हा सर्वांत वडील. २०११ साली वसई-विरारची मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्ही धावपटूंना पाणी दिले, आणि तिथेच हे खूळ डोक्यात शिरले. आरंभी भुईगावच्या किनाऱ्यावर धावलो. वाळूत पोटऱ्या भरून येत, पण वाट सरळसोट. डोळ्यांना काम नाही. एके दिवशी मास्तर म्हणाले, “नकाशातल्या समोच्च रेषा मी पोरांना तीस वर्षे शिकवल्या. आता त्या पायांनी एकदा ओलांडून पाहू या.” असे आम्ही तुंगारला लागलो.

महामार्गावरच्या तुंगारेश्वर फाट्यापासून आत वळले, की वनखात्याची चौकी लागते. सुमारे ८५ चौरस किलोमीटरांचे हे रान २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. चौकीपासून तुंगारेश्वराच्या देवळापर्यंतची वाट तीन-चार किलोमीटरांची, रुंद आणि मातीची. ती ओहोळ ओलांडत ओलांडत जाते. देवळाच्या पुढे खरी चढण सुरू होते. माथा समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांच्या आसपास. वर पोचून पश्चिमेकडे पाहावे, तर आपली सारी वसई तळहातावर घेतल्यासारखी दिसते: हिरवा पट्टा, त्याला चहूकडून भिडलेल्या इमारती, आणि पलीकडे खाडी नि समुद्र. आमची मंदिरे वरून ओळखू येतात का, यावर आमचा दर खेपेस वाद होतो.

डोंगरातल्या धावण्याचे शास्त्र निराळे. सपाटीवर घड्याळ पाहून धावता येते; इथे घड्याळ पाहिले की ठेच लागलीच म्हणून समजावे. चढावर पावले आखूड टाकावीत, आणि दम लागला की सरळ चालावे. त्यात कमीपणा नाही. उतारावर टाचा रोवून वेग अडवू गेले, तर सारा भार गुडघ्यांवर येतो. नजर पायांशी न ठेवता तीन पावले पुढे ठेवावी. सर्वांत फसवे दिवस उन्हाळ्याचे. सागाची पाने गळून वाटेवर पापडासारखी पसरतात आणि खालचे काळे धोंडे झाकून टाकतात. पण त्याच दिवसांत पळस नि पांगारा पेटलेले असतात, काटेसावरीखाली लाल सडा पडलेला असतो, आणि मे महिन्यात करवंदांच्या जाळ्यांपाशी धावण्याचे व्रत आपोआप मोडते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरही आम्ही काही वेळा धावलो. तो रस्ता डांबरी आणि सावलीचा. आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी तिथे २०१६ साली आणि पुन्हा २०२४ साली फुलली, तेव्हा उतार जांभळे झाले होते. कानांत गाणी कोंबून तिथून धावणारी तरुण मंडळी पाहून आम्हांला त्यांची कीव येते. बिबट्याचे रान आहे. निदान त्या कारणासाठी तरी कान मोकळे ठेवावेत!

घरचा विरोध होता तो बिबट्यामुळे नव्हे; रविवारमुळे. आम्हा चौघांना मोकळा दिवस तो एकच. आमच्यापैकी एकाच्या आईने, तेव्हा वय वर्षे ८४, आम्हा सर्वांना ओट्यावर उभे करून विचारले होते, “देवाने रविवार थांबायसाठी दिलाय. तुम्ही त्यात पळता कसले?” मास्तरांनी संत पौलाचा दाखला दिला. करिंथजवळ इस्थमसचे खेळ भरत, म्हणूनच करिंथकरांना लिहिताना त्याला धावण्याची उपमा सुचली, असे त्यांनी समजावले. म्हातारीवर परिणाम झाला नाही. मग मास्तरांनी केनियातल्या इतेन गावाची गोष्ट सांगितली. सुमारे २४०० मीटर उंचीवरचे, तांबड्या मातीच्या वाटांचे ते गाव. तिथल्या सेंट पॅट्रिक शाळेत १९७६ साली ब्रदर कोल्म ओकॉनेल नावाचे आयरिश धर्मबंधू भूगोल शिकवायला आले. धावण्याचे त्यांना काहीएक ज्ञान नव्हते. पण मुलांबरोबर राहून ते शिकले, आणि पुढे त्यांच्याच शिकवणीतल्या डेव्हिड रुडिशाने २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर अंतर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत पार करून जागतिक विक्रम केला. “ब्रदर असून?” एवढेच म्हातारीने विचारले, आणि अट घातली: धावा, पण दहाची मिस्सा चुकता कामा नये. ती अट आम्ही इमानाने पाळली. पुढे जे झाले, त्याचे मूळ या पाळण्यातच होते.

२०१७ सालच्या जुलैमधला एक रविवार. पहाटे आभाळ उघडे होते, म्हणून गेलो. देवळाच्या वर चढून परत फिरलो, तोच माथ्याकडे काळोख दाटला. खाली थेंब नव्हता. पाऊस वर पडत होता. आमचा एक नियम होता, की प्रत्येक ओहोळापाशी पुढच्यांनी थांबायचे, चौघे जमले की मगच ओलांडायचे. मास्तर नेहमीप्रमाणे मागे होते. घड्याळात साडेआठ वाजून गेले होते. दहाची मिस्सा, आंघोळ, तासभराचा रस्ता, असा हिशेब करीत आम्ही तिघांनी दुसरा ओहोळ घोटाभर पाण्यातून ओलांडला आणि थांबलो नाही. ‘येतील मास्तर’ असे कोणी म्हटल्याचेही आठवत नाही. तसे म्हटले असते, तर निदान त्यांची आठवण तरी झाली असती.

चौकीपाशी पोचून दहा मिनिटे वाट पाहिली, मग उलटे धावलो. एव्हाना पाऊस खालीही कोसळत होता. दुसरा ओहोळ ओळखू येईना. काळा कातळ पाणी पिऊन घेत नाही. तीव्र उतारावर पडलेला सारा पाऊस घटकाभरात ओढ्याला येऊन मिळतो. घोटाभर पाण्याच्या जागी कमरेइतका तांबडा लोंढा, त्यात गडगडणारे धोंडे नि फांद्या. पलीकडे कोणी दिसेना. आम्ही हाका मारल्या. त्या आमच्याच कानांपर्यंत पोचत नव्हत्या. रेल्वेवाल्यांनी पाण्यात पाऊल टाकले. तेवढ्यात मागून कोणीतरी त्यांचा दंड धरला. डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेला, शेळ्या वळणारा एक आदिवासी म्हातारा होता तो. “पाणी उतरंल,” तो म्हणाला. “तवर बसा.”

आम्ही बसलो. तोही आमच्याजवळ बसून राहिला, शेळ्या झाडाखाली दाटीने उभ्या करून. दीड तास. बँकवाल्यांच्या बोटात जपमाळेची अंगठी होती. ती ते फिरवीत होते, पण ओठ हलत नव्हते. दहा वाजले, तेव्हा आम्ही तिघांनीही घड्याळ पाहिले आणि तिघांनीही एकमेकांकडे पाहण्याचे टाळले. लूकच्या शुभवर्तमानातली यरुशलेमहून यरीहोला उतरणारी वाट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तीही डोंगरातलीच, सुमारे हजार मीटरांचा उतार. त्या वाटेने उतरणारा याजक आणि लेवी यांना आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गापासून नावे ठेवली. त्यांनाही कदाचित कुठेतरी वेळेवर पोचायचे असेल, हे त्या ओहोळाच्या काठी बसेपर्यंत मनात आले नव्हते.

पाणी चढले तसेच झपाट्याने उतरले. म्हातारा पुढे झाला, काठीने ठाव घेत त्याने आम्हांला पलीकडे नेले. शंभरेक पावलांवर, वाटेपासून जरा उंच, ऐनाच्या बुंध्याला टेकून मास्तर बसले होते. घोटा मुरगळून फुगला होता, त्यावर रुमाल बांधला होता, आणि ते शांतपणे सुकेळे खात होते. आम्हांला पाहून म्हणाले, “अरे, तुम्ही? मला वाटलं, तुम्ही मिस्सेला पोचलात.”

ते उपरोधाने म्हणाले की खरेच तसे त्यांना वाटले होते, हे आम्ही आजवर विचारलेले नाही. उरलेले सुकेळे त्यांनी म्हाताऱ्याला दिले. त्यांना आळीपाळीने खांद्याचा आधार देत चौकीपर्यंत आणायला अडीच तास लागले. संध्याकाळच्या मिस्सेला आम्ही तिघे मागच्या बाकावर बसलो. शांतीचिन्ह देण्याच्या वेळी एकमेकांचे हात धरले, ते नेहमीपेक्षा अंमळ जास्त वेळ.

तो घोटा पुढे पूर्वीसारखा झाला नाही. मास्तर आता धावत नाहीत. आम्ही मात्र धावतो, महिन्यातून एकदा, नोव्हेंबर ते मे एवढेच. पावसाळ्यात तिकडे फिरकत नाही. शनिवारी संध्याकाळची मिस्सा करून जातो, म्हणजे रविवारी घड्याळ घरी ठेवता येते. जो सर्वांत मंद, तो पुढे. गेल्या दोन वर्षांपासून तो मान रेल्वेवाल्यांचा आहे, आणि ते त्याचा पुरेपूर लाभ घेऊन करवंदांच्या प्रत्येक जाळीपाशी थांबतात.

फेब्रुवारीत दुसऱ्या ओहोळात पाण्याचा टिपूस नसतो; नुसते गोटे आणि पाचोळा. तरी आम्ही तिथे उभे राहतो आणि मोजतो. तीन भरतात. चौथे खाली फाट्यावरच्या टपरीत चार चहा सांगून बसलेले असतात, आणि चहा निवला की रागावतात.