खऱ्याखोट्याची पारख

घरातली जुन्या दागिन्यांची डबी तुम्ही कधी उघडून पाहिली आहे का? सोन्याचे दागिने कपाटात, कुलपात असतात. या डबीत मात्र काचमण्यांच्या माळा, मुलाम्याच्या बांगड्या, खडा पडलेली अंगठी असे काहीबाही असते. ‘मुलामा’ हा शब्द तुम्हांला घरचाच वाटेल. उर्दूतला ‘मुलम्मा’ मराठीत ‘मुलामा’ झाला. अशा दागिन्यांना आपण ‘नकली’ म्हणतो आणि बाजूला सारतो. पण त्यांनाही किंमत असते. फक्त ती तराजूने कळत नाही.

माझे नाना रत्नागिरीकडचे. ते बोटीवर नोकरीला होते. एका सफरीत त्यांनी न्यूयॉर्कहून नानीसाठी एक ब्रोच आणला. ईदच्या दिवशी नानी तो पदराला लावायची. नानी वारल्यावर मोठ्या खालाच्या वाट्याला सोन्याच्या बांगड्या आल्या, धाकट्या खालाकडे हा ब्रोच आला. तिने तो एका सराफाला दाखवला. त्याने तो कसोटीवर घासून पाहिला आणि म्हणाला, “सोने नाही, बाई. मोडीत काही मिळणार नाही.” खाला घरी येऊन गप्प बसली. मग हळूच म्हणाली, “अब्बांना परदेशात कोणी फसवले असेल का रे?”

मी भिंग घेऊन ब्रोचची पाठ पाहिली. तिथे ‘ट्रिफारी’ हे कारखान्याचे नाव होते. नावावर मुकुटाची खूण आणि शेजारी वर्तुळातले इंग्रजी ‘सी’ अक्षर होते. अमेरिकेतील या कारखान्याचे नमुने दुसरे लोक उचलत. नकली दागिन्याचीही नक्कल! प्रकरण न्यायालयात गेले. १९५५ साली न्यायालयाने ठरवले, की असा नमुना हीसुद्धा कलाकृती आहे. त्यानंतर हक्क दाखवणारी ही खूण सर्रास दिसू लागली. खालाला मी एवढेच सांगितले, “ज्याने हा बनवला, त्याने आपले नाव उघडपणे कोरले आहे. नानांना कोणी फसवले नाही.” तिचा चेहरा उजळला. ब्रोच मोडीत गेला नाही.

तेव्हा तुम्हीही आधी दागिन्याची पाठ पाहा. ‘स्टर्लिंग’ असा शिक्का असेल, तर आत चांदी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत इतर धातू युद्धासाठी राखून ठेवले होते. म्हणून कारागिरांनी नकली दागिन्यांत चांदी वापरली आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा चढवला.

मग खडे पाहा. चमकणारे बरेच खडे काचेचे असतात. डॅनियल स्वरोव्स्की यांनी १८९२ साली काचेला पैलू पाडणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १८९५ साली ऑस्ट्रियात कारखाना काढला. अशा खड्यांच्या पाठीला अनेकदा चंदेरी वर्ख असतो. पाणी लागले की तो काळवंडतो. म्हणून असे दागिने कधी धुऊ नका, कोरड्या मऊ कापडाने पुसा.

मोती दाताच्या कडेवर हलकेच घासा. खरा मोती खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. काचमणी पाहिले तर याब्लोनेत्सची आठवण ठेवा. चेक देशातील या गावचे मणी आणि काचेच्या बांगड्या एके काळी समुद्र ओलांडून हिंदुस्थानात येत असत.

आता किमतीकडे वळू. सोने तोळ्यावर विकले जाते. इथे मात्र नाव कोणाचे, काम किती सुबक, सर्व खडे जागेवर आहेत का, जोडीची कर्णफुले सोबत आहेत का, हे पाहतात. जुना मुलामा फिका पडला, म्हणून नवा चढवू नका. त्याने जुनेपण जाते आणि किंमतही उतरते.

काच काचेच्या नावाने विकली, तर त्यात खोटे काही नाही. काचेला हिरा म्हणून विकले, तर ती फसवणूक आहे. खोटेपणा दागिन्यात नसतो, विकणाऱ्याच्या जिभेवर असतो.

तुमच्या घरची डबी उघडाल, तेव्हा भावाची चौकशी मागाहून करा. हा दागिना कोणी आणला, कोणी आणि केव्हा घातला, हे आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि कागदावर लिहून डबीत ठेवा. ती माहिती कोणत्याही शिक्क्यावर कोरलेली नसते.