कलिंगड न कापता

लिव्हर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? थर्टीफर्स्टची पार्टी, काविळीचं पथ्य, नाहीतर सिनेमातला बाटलीवाला हीरो! म्हणूनच जालन्यात माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याच्या सोनोग्राफीत लिव्हर खडबडीत दिसलं, तेव्हा ताईच्या सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, ‘‘लेकराला दारुड्याचा रोग कसा काय झाला गं?’’ सगळ्यांच्या नजरा दाजींकडे. बिचारे दाजी! त्यांना सुपारीचंही व्यसन नाही.

भाच्याला सिस्टिक फायब्रोसिस आहे. आई आणि बाबा, दोघांकडून एकेक बिघडलेला जीन आला की हा आजार होतो. स्वतः आई-बाबा ठणठणीत असतात, पण प्रत्येक बाळंतपणात धोका चारात एक. सीएफटीआर नावाचा हा जीन 1989 मध्ये सापडला. तो बिघडला की शरीरातले स्राव घट्ट, चिकट होतात आणि घामातून भरपूर मीठ जातं. जालन्याच्या चाळिशीपार उन्हाळ्यात आमचं पिल्लू मीठ-साखर-पाण्याची बाटली गळ्यात अडकवूनच शाळेत जातं. जेवताना पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर... हे सगळं घरच्यांच्या अंगवळणी पडलं होतं. लिव्हरचं मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं!

खरं तर कारण तेच. पित्तसुद्धा घट्ट होतं, बारीक नळ्यांत अडकतं आणि लिव्हरवर जागोजागी व्रण उठतात. साधारण शंभरातल्या पाच ते दहा जणांत प्रकरण सिरॉसिसपर्यंत जातं. वाईट म्हणजे, बराच काळ काहीच कळत नाही. पोरगं खेळतं, हसतं, रक्ताचे रिपोर्टही कधीकधी नॉर्मल येतात.

‘मग बायॉप्सी करून टाका की!’ असा सल्ला आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच आला. ताईची तर झोपच उडाली. एवढ्याशा पोटात सुई? पुण्यातल्या डॉक्टरांनी तिला जे समजावलं, ते मला कलिंगडाच्या गाडीवर नेऊन सोडणारं होतं. गाडीवाला कधी चौकोनी तुकडा कापून दाखवतो, तशी बायॉप्सी. पण या आजारात व्रण सगळीकडे सारखे नसतात. सुईत येतो लिव्हरचा साधारण पन्नास हजारावा भाग. तो नेमका चांगल्या जागेचा निघाला तर? शिवाय रक्तस्रावाची भीती आहेच. दुसरी पद्धत म्हणजे न कापता टिचकी मारून बघायचं. ती झाली इलॅस्टोग्राफी, म्हणजे बोलीभाषेत फायब्रोस्कॅन.

तीन तास उपाशी ठेवून भाच्याला टेबलावर झोपवलं. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या मधे मुलांसाठीचा छोटा प्रोब. टक्... टक्... टक्. त्या हलक्या धक्क्याची लहर लिव्हरमधून धावते. लिव्हर जितकं कडक, तितकी ती वेगात. दहा मोजमापांचा मधला आकडा किलोपास्कलमध्ये येतो. निरोगी लिव्हर साधारण पाचच्या आसपास, मशीनची पट्टी 75 पर्यंत. ‘‘माऊ, हे कॅरम खेळायलंय माझ्याशी!’’ भाचा खिदळत होता. ताई मात्र माझा हात घट्ट धरून उभी होती.

आकडा आला 6.9. पास की नापास? दोन्ही नाही! डॉक्टर म्हणाले, एका आकड्यावर निकाल लावायचा नसतो. पोट भरलेलं असलं किंवा लिव्हरला सूज असली तरी आकडा चढतो. त्यामुळे सोनोग्राफीत प्लीहा वाढलीय का, प्लेटलेट्स घसरतायत का, हेही बघायचं. एएसटी आणि प्लेटलेट्सवरून ‘एप्री’ नावाचा साधा हिशोबही मांडतात. आमच्याकडे प्लीहा नॉर्मल, प्लेटलेट्स भरपूर. सध्या बायॉप्सी नको, पण दर वर्षी तपासणी चुकवायची नाही.

मग मी, एक्सेलमध्ये ऑफिस जगणारी मावशी, कामाला लागले. तारीख, एएसटी, प्लेटलेट्स, किलोपास्कल अशी शीट बनवून ताईच्या मोबाइलवर टाकली. पुढच्या वर्षीचा आकडा 6.7. आनंदाने नाचण्याइतका फरक नव्हे, पण रेषा वर गेली नाही. ताई त्या रात्री निवांत झोपली म्हणे. 2019 मध्ये अमेरिकेत तीन औषधांची एकत्र गोळी मंजूर झाली. तिने तिकडे अनेकांचं आयुष्य बदललं. किंमत आमच्या आवाक्याबाहेर आहे, आणि ती घेतानाही लिव्हरवर नजर ठेवावीच लागते. म्हणजे पुढे काहीही येवो, ही शीट लागणारच!

एक सांगू? तुमच्या ओळखीतल्या एखाद्या बाळाची पापी खारट लागत असेल, खोकला हटत नसेल, शी तेलकट होत असेल, वजन वाढत नसेल, तर ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळत बसू नका. डॉक्टरांना घामाच्या तपासणीबद्दल विचारा. तिलाही सुई लागत नाही.