ऑपरेशन झाले, म्हणजे संपले का?

आमची मुलगी चार वर्षांची असताना, २००१ साली, मुंबईत तिच्या हृदयाचे ऑपरेशन झाले. ती रडली की ओठ आणि नखे निळी पडत; थोडी चालली की उकिडवी बसे. डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, टेट्रालॉजी ऑफ फॅलो. ऑपरेशन यशस्वी झाले. पनवेलच्या घरी बुद्धवंदना घेऊन आम्ही वस्तीत खीर वाटली. काही वर्षे तपासणीला नेले. मग पोर शाळेत धावू लागली आणि आमचे जाणे सुटले. दुखणे संपले, असेच आम्ही धरून चाललो.

गेल्या वर्षी तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. नातेवाईक म्हणाले, "जुने कशाला उकरून काढता?" मुलगीच म्हणाली, "आई, पप्पा, मला काही त्रास नाही हे खरे. पण आत काय आहे ते आपण पाहिले कुठे?" आम्ही निरुत्तर झालो.

इकोमध्ये दिसले की फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप गळते आहे. लहानपणी ती अरुंद वाट मोकळी करताना पुष्कळांच्या बाबतीत असे होते. प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे येते. हृदयाचा उजवा खालचा कप्पा ते वर्षानुवर्षे सोसतो आणि फुगत जातो; माणसाला मात्र बराच काळ काही जाणवत नाही. हा कप्पा चंद्रकोरीसारखा डाव्या कप्प्याला वेढून, छातीच्या हाडामागे असतो. इकोने त्याचे नेमके माप निघत नाही. म्हणून डॉक्टरांनी हृदयाचा एम.आर.आय. सांगितला.

हार्बरच्या लोकलने आम्ही मुंबईला गेलो. ऑपरेशनच्या वेळी छातीच्या हाडाला बांधलेल्या तारांची आम्हाला धास्ती होती. त्या बहुधा अडचणीच्या नसतात, पण आधी सांगावे लागते. कानातले काढून, छातीला ई.सी.जी.च्या तारा लावून तिला आत घेतले. पाऊण तास यंत्र ठोकत होते आणि आतून सूचना येत होती, "श्वास सोडा, थांबा." ठोक्याच्या तालावर हृदयाचे काप टिपले जातात. कप्पा भरलेला असताना किती आणि आकसल्यावर किती, हे प्रत्येक कापावर मोजून बेरीज करतात. यात क्ष-किरण नसतात.

अहवाल आला. शरीराच्या दर चौरस मीटरमागे कप्प्यात १३८ मिलिलिटर रक्त मावत होते. हा आकडा १६०च्या घरात गेला की त्रास नसतानाही नवी झडप बसवण्याचा विचार करतात. फार उशीर केला तर फुगलेला कप्पा पूर्ववत होत नाही. आमच्या मुलीला आज ऑपरेशन नको, पण नियमित तपासणी हवी. आम्ही गप्पच बसलो असतो तर?

या रोगावरचे पहिले ऑपरेशन २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरला झाले. हेलन टॉसिग यांची कल्पना आणि ब्लेलॉक यांचे हात, असे जगाला कळले. पण त्याची रीत कुत्र्यांवर प्रयोग करून बसवली होती विव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाने. कॉलेजला जायला त्यांच्याजवळ पैसे उरले नव्हते. त्या दिवशी ब्लेलॉक यांच्या मागे उभे राहून ते सूचना देत होते, तरी त्यांच्या नावाला मान मिळायला कित्येक वर्षे लागली. १९७६ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट मिळाली. अशा माणसांनी कमावलेले ज्ञान आमच्या पोरीपर्यंत पोचले. ते अर्ध्यावर सोडण्याचा आम्हाला काय अधिकार?

भगवान बुद्धांचा धम्म 'एहि पस्सिको' म्हणतो: ये आणि स्वतः पाहा. आम्ही रोज वंदनेत ते म्हणत होतो, आणि स्वतःच्या लेकीच्या बाबतीत पाहायला भीत होतो. मुलाकडची मंडळी आली तेव्हा आम्ही फाईल त्यांच्यासमोर ठेवली. मुलाने ती शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, "पुढची तपासणी कधी?"

आपल्या घरात लहानपणी हृदयाचे ऑपरेशन झालेले कोणी असेल, तर जुने कागद आजच शोधा आणि डॉक्टरांना दाखवा. जयभीम!