शेपटी गळलेलं नाव

भंडाऱ्याकडच्या मामा तलावावर शिंगाड्याच्या वेली पसरल्या, की लांब शेपटीचा कमळपक्षी त्यांवरून रमतगमत चालतो. पायांची बोटं इतकी लांब, की पान बुडतच नाही. त्याच्याकडे बोट दाखवून मी कित्येक वर्षं सोबतच्या मुलांना त्याचं इंग्रजी नाव ‘जकाना’ असं सांगत आले. पुस्तकात अक्षरं तशीच होती.

मग पणजीत एका जुन्या दारावर ‘मेंडोन्सा’ आडनावाची पाटी पाहिली. त्यातल्या रोमन ‘सी’च्या पोटाखाली बारीक शेपटी लोंबत होती. पोर्तुगीजात ती शेपटी असली की ‘क’ नव्हे, ‘स’ म्हणायचं.

कमळपक्ष्याच्या नावालाही ती होती! ब्राझीलमधल्या तुपी लोकांचा हा शब्द पोर्तुगीजांनी शेपटीसकट लिहून ठेवला. साओ पाउलोत या नावाची एक वस्तीही आहे. उच्चार साधारण ‘झासानां’. आरंभीचा झ मऊ, घासून म्हटलेला, जोर शेवटावर आणि शेवटचा स्वर नाकात. पण १७६६ साली निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसनं तिकडच्या जकानाला दिलेल्या लॅटिन नावात ती शेपटी नाही. वाचणाऱ्यांनी दिसलं तसं वाचलं. एवढ्याशा रेघेनं ‘ध’चा ‘मा’ झाला. इंग्रजी कोशांत आजही या नावाचे एकाहून अधिक उच्चार नांदतात.

यात वाचणाऱ्याला बोल लावावासा मला वाटत नाही. आपणही दुनियेचं जग आणि पाण्याचा जग एकाच ‘ज’नं लिहितो; फरक कळतो तो घरात कानांवर पडलेला असतो म्हणून. तुपी आईच्या तोंडून हे नाव आपण कधी ऐकलेलंच नाही.

विणीचा हंगाम सरला की या पक्ष्याची शेपटी गळते, पुढच्या हंगामात नवी येते. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. उबवणं, पिलं सांभाळणं सगळं बापाकडे. त्याच्या नावाची शेपटी मात्र बहुतेक छापील पानांवर परत उगवली नाही. निदान तोंडात तरी ती असावी, असं मला मनापासून वाटतं.

यंदाच्या पावसाळ्यात मुलांना आधी ‘कमळपक्षी’ सांगितलं, मग ‘झासानां’. काठावर बसून ती शेवटचा स्वर नाकात घोळवत होती. तेवढ्यात वेलींमधून हाक आली, मांजराच्या म्यावसारखी, पुरती नाकातली.