पाटल्या राहिल्या, पण मॉरिशस पाहिला!

'यंदा सुट्टीत कुठं?' हा प्रश्न आमच्या घरी दरवर्षी मार्चअखेरीस निघतो आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. आठ दिवस माहेरी, चार दिवस नणंदेकडे, आणि फारच हौस आली तर दोन दिवस महाबळेश्वर! मैत्रिणींनो, तुमच्याकडेही थोड्याफार फरकानं हेच असणार. अशी सुट्टी म्हणजे बाईच्या दृष्टीनं नुसती स्वयंपाकघराची बदली. तिथंही पहाटे दूध तापवायचं, फक्त पातेलं दुसऱ्याचं!

गेल्या वर्षी मात्र मी हट्टाला पेटले. शाळेतल्या माझ्या अर्धवेळ नोकरीचे पैसे मी नऊ वर्षं साठवत होते, पाटल्या करायच्या म्हणून. सोन्याचा भाव दरवर्षी माझ्यापुढे चार पावलं धावायचा आणि माझ्या पाटल्या दरवर्षी थोड्या बारीक व्हायच्या. शेवटी एके रात्री मी यांना म्हटलं, "पाटल्या नकोत मला. समुद्रापलीकडचा एखादा देश दाखवा." हे हसले, पण नाही म्हणाले नाहीत. उलट आपल्या बोनसची भर घालायला तयार झाले.

खरा प्रश्न होता सासूबाईंचा. "पैसा पाण्यात घालवण्याची लक्षणं ही!" असं म्हणून त्या देवघरात निघून गेल्या. पण मॉरिशसचं नाव कानावर पडलं मात्र, हातातली वात तशीच धरून त्या परत बाहेर आल्या.

"मॉरिशस म्हणजे तेच ना, जिथं उसाच्या मळ्यावर माणसं नेत होते?"

मग त्यांनी जे सांगितलं, ते लग्नाला तेरा वर्षं होऊनही मी प्रथमच ऐकत होते. त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं. त्यांच्या पणजोबांचा थोरला भाऊ ऐन तरुणपणी मुंबईला गेला आणि तिथून मॉरिशसच्या जहाजावर चढला. ना पत्र, ना निरोप. तो कधी वारला हे कळलं नाही, म्हणून तिथीही नाही. त्यामुळे त्यांच्या माहेरी आजही सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्तीचं वाढतात. लहानपणी त्या विचारायच्या, "हे कुणाचं?" तर आजी म्हणायची, "तो दर्यापल्याडचा."

"मला न्याल का?" सासूबाईंनी विचारलं. सत्तरीच्या बाईनं, जिनं कधी स्वतःसाठी एक साडी मागितली नाही, तिनं हे विचारलं! आम्ही पाच तिकिटं काढली.

आता थोडं कामाचं सांगते. मुंबईहून मॉरिशसचं थेट विमान साधारण सहा-साडेसहा तासांत पोचतं. तिथलं घड्याळ आपल्यामागे दीड तास. आपल्या लोकांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. मात्र परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवण्याची तयारी ठेवावी, आणि निघण्यापूर्वी त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरावा. तिथला पैसाही रुपयाच, पण किमतीनं आपल्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा किमती वाचून 'स्वस्त आहे गं!' म्हणू नका. मनातल्या मनात दोननं गुणा! नोटेवर इंग्रजीच्या जोडीला तमिळ आणि देवनागरी अक्षरं आहेत. सासूबाईंनी चष्मा लावून पहिलीच नोट वाचून काढली आणि तेव्हापासून परदेशाची त्यांची भीती निम्मी झाली.

ऋतू आपल्या उलट. आपली मुलं मे महिन्यात घामाघूम होत असतात, तेव्हा तिथं हिवाळा लागत असतो. मे ते ऑक्टोबर हवा छान, कोरडी. जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस, ते टाळावेत. क्यूरपिपसारख्या उंचावरच्या भागात पाऊस आणि गारठा असतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांसाठी शाल आणि सगळ्यांसाठी छत्री घ्याच. किनाऱ्याला प्रवाळाचं कडं असल्यामुळे बहुतेक ठिकाणी आतलं पाणी तळ्यासारखं शांत असतं. मुलं मनसोक्त डुंबतात. पण पाण्यात जाताना रबरी बूट हवेत. तळाशी प्रवाळाचे तुकडे आणि काटेरी समुद्रजीव असतात. आमच्या चिरंजीवांनी ऐकलं नाही आणि दुसऱ्याच दिवशी पाय कापून घेतला!

आम्ही हॉटेलऐवजी पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाकला एका घरगुती पाहुणघरात उतरलो. स्वयंपाकघर होतं, पण मी आधीच बजावून ठेवलं होतं, 'सकाळचा चहा सोडला तर गॅस पेटणार नाही!' शाकाहारी माणसांचं काय होणार, ही काळजी पहिल्याच दिवशी मिटली. रस्त्याकडेला जागोजागी गाड्यांवर डाळपुरी मिळते. आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून तिखटमिठाशी सोयरीक करून द्यावी, तसा हा प्रकार. दोन पुऱ्या एकावर एक, त्यात पांढऱ्या घेवड्याची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि झणझणीत मिरचीची चटणी. कागदात गुंडाळून हातात देतात. सासूबाईंनी पहिला घास घेतला, थांबल्या आणि म्हणाल्या, "हे आपल्याकडचंच कुणीतरी इथं आणलंय." खरंच होतं ते. तिथल्या लोणच्याला 'आशार' म्हणतात, दुधातल्या सब्जाच्या थंडगार पेयाला 'आलुदा'. डाळवड्याला 'गातो पिमाँ' असं फ्रेंच नाव मिळालंय, पण तोंडात घातला की ओळख पटते!

हे बेट केवढं? लांबी पासष्ट किलोमीटरच्या आसपास, रुंदी पंचेचाळीस. डच, फ्रेंच, इंग्रज अशी तीन राज्यं झाली आणि १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. १८३५ मध्ये गुलामगिरी उठली, पण मळ्यांना माणसं तर हवीच होती. म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले जाऊ लागले. पुढच्या काळात असे साडेचार लाखांच्या आसपास लोक आले. बिहारकडचे सर्वांत जास्त, खालोखाल मद्रासकडचे, आणि मुंबई बंदरातून आपल्या कोकणातलेही.

पाहण्यासारखं पुष्कळ आहे. पँपलमूसच्या बागेत परातीएवढ्या, काठ वळलेल्या पानांची राक्षसी कमळं आहेत. तिथं एक ताड असाही आहे, जो आयुष्यात एकदाच, कित्येक दशकांनी फुलतो आणि मग मरतो. (पँपलमूस म्हणजे फ्रेंचमध्ये आपलं पपनस, बरं का!) शामारेलला सात रंगांच्या मातीचे ढीग आहेत, मुलीनं लगेच म्हटलं, "आई, रांगोळी सांडल्यासारखी दिसते ना?" गंगातलाव हे डोंगरातलं तळं. १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून त्यात मिसळलं, आणि काठावर ३३ मीटर उंचीचे मंगल महादेव उभे आहेत. महाशिवरात्रीला घराघरांतून लोक पायी तिथं येतात. नैर्ऋत्येला समुद्रात घुसलेला ल मॉर्न डोंगर. पळून गेलेले गुलाम त्याच्या कड्यांत लपून राहत. समुद्र तिथं फार सुंदर आहे, पण कड्याकडं पाहिलं की हसू जरा आवरतं.

पण आम्ही ज्यासाठी गेलो होतो, ते ठिकाण राजधानी पोर्ट लुईच्या बंदरावर आहे. आप्रवासी घाट. २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली ही जागा दिसायला अगदी साधी. काळ्या दगडाच्या काही भिंती, काही खोल्यांचे अवशेष, आणि समुद्राकडच्या बाजूनं वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. १८४९ पासून इथं मजुरांचा तळ होता. जहाजातून उतरलेला माणूस या पायऱ्या चढायचा, त्याला नंबर मिळायचा, एक-दोन दिवस तिथं राहायचा आणि मग मळ्यावर रवाना व्हायचा. शेजारीच सगळी माहिती देणारं दालन आहे, ते आधी पाहावं.

सासूबाई पायऱ्यांपाशी गेल्या. मोजल्या. मग खाली वाकून सगळ्यांत खालच्या दिसणाऱ्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला. माझ्या मुलानं विचारलं, "आजी, इथं देव आहे?" त्या म्हणाल्या, "देव नाही रे. पाय आहेत."

त्या वेळच्या नोंदी मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. नाव, नंबर, गाव, काहींचे तर फोटोसुद्धा. पण शोधायचं तर काहीतरी धागा हवा. आमच्याजवळ काय होतं? एक पहिलं नाव, जे त्या काळी कोकणात दर तिसऱ्या घरात असेल. जहाज माहीत नाही, साल माहीत नाही. यांनी "विचारून तर पाहू" म्हटलं, पण सासूबाईच नको म्हणाल्या. "नाही सापडला तर पुन्हा हरवेल," एवढंच बोलल्या.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसात मध्येच काळ्या दगडांचे उंचच उंच ढीग. ज्वालामुखीची जमीन ही, दगडांनी भरलेली. ऊस लावण्याआधी ते दगड मजुरांनी हातांनी उचलून रचले आहेत. बस सुटली तरी सासूबाई मान वळवून ते ढीग पाहत होत्या.

आमच्या पाहुणघराची मालकीण मूळची मराठी घरातली. तिनं आम्हाला जवळच्या कास्काव्हेल गावी आपल्या सासूकडं नेलं. हे मराठी मंडळींचं जुनं गाव. घरात आता क्रिओल बोलतात. मराठी मुलं शाळेत शिकतात. गणेश चतुर्थीला मात्र साऱ्या देशाला सुट्टी असते, आणि कोकणातल्या जाखडीला तिथं 'झाकरी' म्हणतात, तीही नाचतात. त्या म्हाताऱ्या बाईंना मराठीत एक वाक्य धड जुळवता येईना, पण गणपतीची आरती पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत पाठ! माझी मान खाली गेली. मी शाळेत मराठी शिकवते, आणि माझ्या मुलाला दुसऱ्या कडव्यापुढे पुस्तक लागतं.

दोघी सासवा मोडक्या हिंदीत बोलत होत्या. त्या बाईंना आपल्या पूर्वजांचं गाव माहीत नव्हतं, फक्त 'रत्नागिरी' हा एक शब्द ठाऊक होता. "मी पण रत्नागिरीची," सासूबाई म्हणाल्या. तेव्हा त्या बाईंनी विचारलं, तिकडं आमची कुणी आठवण काढतं का?

सासूबाईंनी त्यांना पानाचं सांगितलं. दरवर्षी, न चुकता, एक पान जास्तीचं. त्या बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत गेल्या आणि गरम डाळपुरी करून आम्हाला वाढली. निघताना सुनेकडून मला कृतीही सांगवली.

तीच इथं देते. तिथं पिवळ्या वाटाण्याची डाळ घेतात, मी हरभऱ्याची घेतली तरी उत्तम झाली. दोन वाट्या डाळ हळद-मीठ घालून शिजवा, पण गाळ होऊ देऊ नका. दाणा बोटानं चिरडला पाहिजे, एवढीच. पाणी निथळून बाजूला ठेवा. डाळ पूर्ण गार आणि कोरडी झाली की बारीक वाटा, म्हणजे भुरभुरीत पूड होईल. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. डाळीच्याच पाण्यात, थोडं तेल घालून, मैदा सैलसर भिजवा आणि तासभर झाका. पुरणासारखं सारण भरून पातळ लाटा आणि तव्यावर तेल लावून दोन्ही बाजूंनी भाजा. डाग फार पडू देऊ नका, मऊच राहिली पाहिजे.

आम्ही परत आलो. सप्टेंबरात पितृपक्ष आला, तेव्हा सासूबाईंनी माहेरी भावाला फोन लावला. मी शेजारीच भाजी निवडत होते. "यंदा त्या पानावर डाळपुरी वाढ रे," त्या म्हणाल्या. "वहिनीला सांग, कृती सूनबाई पाठवतेय." मी हात धुतले आणि लिहायला बसले.

मैत्रिणींनो, पाटल्या अजून झालेल्या नाहीत. पण तुमच्या घरी यंदा सुट्टीचा विषय निघाला, तर आधी घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईला विचारून पाहा, 'तुम्हाला कुठं जायचंय?' आमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.